फर्स्ट इयरचं कन्सेप्ट्युअल फिजिक्स: आधी अंदाज लिहा, मग पुस्तक उघडा

कॉलेजं सुरू होऊन महिना झाला की मला दरवर्षी तेच मेसेज येतात, ताई फिजिक्स कसं करायचं, ह्या पेपरला गणित फार नाहीये म्हणतात पण तरी डोक्यात काही शिरत नाहीये, कुठला गाईड घेऊ. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहून काढू. मी निफाड तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, बीएस्सी नाशिकला केलं आणि आता गंगापूर रोडला संध्याकाळी फर्स्ट इयरच्या पोरापोरींना फिजिक्स शिकवते. त्यात बीएस्सीवाले असतात, आणि नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून ओपन इलेक्टिव्ह म्हणून सायन्सचा विषय घेतलेले आर्ट्स-कॉमर्सवाले पण असतात, आणि गंमत म्हणजे दोघंही एकाच जागी अडकतात.

कुठे अडकतात ते माझ्यावरूनच सांगते. फर्स्ट इयरच्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, चेंडू सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला पोचला, त्या क्षणी त्याच्यावर बल किती? मी लगेच म्हणाले झिरो. सर म्हणाले मग तो खाली का येतो, तिथेच लटकून का राहत नाही? मला न्यूटनचे तिन्ही नियम पाठ होते, बारावीला फिजिक्सला चांगले मार्क होते, आणि मी तिथे उभी राहिले तोंडातून शब्द न काढता. त्या दिवशी घरी जाताना पूर्ण बसभर तोच चेंडू डोळ्यांसमोर होता.

उत्तर साधं आहे. वरच्या टोकाला वेग शून्य होतो, बल नाही. चेंडू हातातून सुटल्यापासून परत हातात येईपर्यंत त्याच्यावर एकच बल असतं, पृथ्वीचं, खालच्या दिशेला, वर जाताना तेवढंच, टोकाला तेवढंच, खाली येताना तेवढंच (हवेचा अडथळा सोडून द्या). पण आपल्या डोक्यात वेगळंच बसलेलं असतं, की चेंडू वर जातोय म्हणजे हाताने दिलेला जोर अजून त्याच्यात शिल्लक आहे, तो हळूहळू संपतो, संपला की चेंडू पडतो. हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, लहानपणापासून बघून बघून आपणच बनवलेलं असतं. आणि त्यात लाज वाटायचं काही कारण नाही, युरोपातले मोठमोठे पंडितसुद्धा कित्येक शतकं असंच मानत होते, न्यूटनचा प्रिन्सिपिया छापून आला तो १६८७ साली, म्हणजे माणसाला हे कळायलाच इतका वेळ लागला.

म्हणून ह्या विषयाचा अभ्यास इतिहास किंवा बायोलॉजीसारखा होत नाही. तिथे पाटी बरीचशी कोरी असते, तुम्ही लिहीत जाता. इथे पाटीवर आधीच लिहिलेलं असतं आणि ते चुकीचं असतं, आणि तुम्ही त्याच्यावरच नवीन लिहिता. परीक्षेपुरतं वरचं दिसतं, मग पुसलं जातं आणि खालचं परत वर येतं. हार्वर्डला एरिक मॅझूर नावाचे प्राध्यापक आहेत, १९९० च्या सुमारास त्यांनी आपल्या वर्गाला असे साधे, बिनगणिताचे प्रश्न दिले तर अवघड गणितं सोडवणारी पोरं त्यातच अडकली, आणि एकाने तर विचारलं की उत्तर तुम्ही शिकवलंय तसं लिहायचं की मी एरवी विचार करतो तसं? तेव्हा त्यांनी शिकवायची पद्धतच बदलली, प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजारच्याशी वाद घालायचा, मग परत उत्तर द्यायचं. पुढे १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले, त्यात नुसतं लेक्चर ऐकणाऱ्या वर्गांमध्ये जेवढी सुधारणा होऊ शकत होती तिच्या पाव भागाइतकीच झाली होती आणि पोरांनी स्वतः डोकं लावून चर्चा केलेल्या वर्गांमध्ये जवळपास निम्मी. मला हे आकडे माहीत नव्हते तेव्हाही हाच अनुभव येत होता, जी पोरं आधी आपलं मत सांगतात त्यांना लवकर कळतं, जी नुसती मान डोलावतात त्यांना नाही.

तर पहिलं काम, दुकानातून शंभर पानी वही आणा आणि तिच्यावर लिहा अंदाजवही. नोट्सची वही वेगळी, ही वेगळी. नवीन टॉपिक सुरू व्हायच्या आदल्या दिवशी चॅप्टरच्या शेवटचे प्रश्न काढा, हो, शेवटचे, आधी तेच बघायचे. त्यातले तीन-चार निवडा, डाव्या पानावर प्रश्न लिहा, खाली तुमचा अंदाज लिहा, का वाटतं ते एका ओळीत लिहा आणि किती खात्री आहे ते लिहा, पक्कं, बहुतेक, किंवा नुसतंच ठोकलंय. उजवं पान मोकळं. लेक्चर झालं, वाचून झालं, प्रयोग करून झाला की उजव्या पानावर खरं काय ते लिहायचं, आणि मुख्य म्हणजे डावीकडचं कुठे घसरलं ते लिहायचं. पेनानेच लिहा, आणि चुकलेला अंदाज खोडायचा नाही. पोरांना हे जड जातं, त्यांना वही स्वच्छ हवी असते, पण ह्या वहीची सगळी किंमत चुकलेल्या पानांतच आहे. जिथे ‘पक्कं’ लिहिलं होतं आणि चुकलं त्या पानाला कोपऱ्यात घडी घालून ठेवा.

आता एक प्रयोग सांगते, ह्याला एक रुपया लागत नाही आणि वेग आणि त्वरण ह्यातला फरक आयुष्यभर विसरत नाही. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घ्या, सरळ आकाराची, मधे फुगीर किंवा कमरेत बारीक नको. गळ्यापर्यंत भरा, थोडीशीच हवा ठेवा आणि झाकण घट्ट लावा. आडवी धरली की वर एक बुडबुडा दिसेल. सिटीलिंकची बस पकडा, द्वारकेकडून नाशिकरोडला जाणारी घ्या कारण तो रस्ता बराचसा सपाट आहे, चढावर बुडबुडा आपोआप उंच टोकाकडे सरकतो आणि गोंधळ होतो. सीटवर बसा, बाटली मांडीवर आडवी धरा, एक टोक ड्रायव्हरकडे, एक मागे. आणि बस सुटायच्या आधी वहीत लिहा, बस सुटली की बुडबुडा पुढे जाईल की मागे?

माझ्याकडच्या पोरांपैकी बहुतेक जण लिहितात मागे, कारण आपण स्वतः मागे ढकलले जातो ना. बस सुटते आणि बुडबुडा पुढे पळतो. कारण जड आहे ते पाणी, पाणी मागे राहतं, मागच्या टोकाला दाटतं, आणि हलक्या हवेला पुढे जागा मिळते. बघा हं पुढे, खरी मजा नंतर आहे. बसने स्पीड घेतला आणि एकसारखी चालायला लागली की बुडबुडा पळायचा थांबतो, बाटली सपाट धरलीत तर आहे तिथेच राहतो. बस चाळीसने चालली असेल तरी तसाच, वीसने चालली असेल तरी तसाच, उभी असेल तरी तसाच. म्हणजे बुडबुड्याला वेग कळतच नाही, त्याला फक्त वेगातला बदल कळतो. मग सिग्नल येतो, ड्रायव्हर ब्रेक मारतो, बस अजून पुढेच चाललीये पण बुडबुडा मागे जातो, म्हणजे त्वरण मागच्या दिशेला आहे. बाटली आडवी फिरवून खिडकीकडे टोक करा आणि वळणाची वाट बघा, बस ज्या बाजूला वळते त्या बाजूला बुडबुडा जातो, स्पीड तेवढाच असला तरी. वळणं म्हणजेसुद्धा त्वरण, हे वाक्य पुस्तकात मी दहा वेळा वाचलं होतं, पटलं ते बाटलीत बघून.

चेंडूचा प्रश्न पण असाच मोबाईलवर बघता येतो. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी केलेलं, ते फोनमधल्या सेन्सरचे आकडे दाखवतं. त्यात ॲक्सिलरेशन गुरुत्वाकर्षणासकट दाखवणारा पर्याय लावा. फोन टेबलावर ठेवला की ९.८ च्या आसपास दाखवेल. आता जाड गादीवर, अगदी वीतभर उंचीचा, फोन हलकेच वर उडवा (मी जुना फोन वापरते, तुम्ही पण तेच करा) आणि मग ग्राफ बघा. हातातून सुटल्यापासून गादीला टेकेपर्यंत आकडा शून्याजवळ आडवा राहतो, कारण ह्या सेन्सरला टेकू जाणवतो, आणि हवेत टेकू नाही. ग्राफमध्ये वरचं टोक शोधून दाखवा म्हटलं तर सापडत नाही. तिथे काही विशेष घडतच नाही, वर जाताना जे चाललं होतं तेच टोकालाही चाललं होतं. ज्या प्रश्नावर मी गप्प उभी राहिले होते त्याचं उत्तर असं सपाट रेषेत बघताना मला फार बरं वाटलं होतं.

आता शब्दांविषयी, कारण आपल्याकडच्या पोरांचा निम्मा घोळ इथेच असतो. दिंडोरी, सिन्नर, पेठ, सुरगाण्याकडून येणारी पोरं शाळेत चाल, वेग, त्वरण, संवेग, जडत्व शिकलेली असतात, कॉलेजात तेच स्पीड, व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया होऊन येतं, आणि तिसरीकडे घरात बोलताना आपण जोर, ताकद, शक्ती, दम, प्रेशर सगळं एकाच अर्थाने वापरतो. वहीच्या शेवटच्या पानांवर तीन रकाने करा, शाळेतला शब्द, कॉलेजातला शब्द, आणि घरात ह्याचा अर्थ काय घेतो. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. शक्ती घरात म्हणजे ताकद, पुस्तकात म्हणजे एका सेकंदात किती काम झालं ते. कार्य, म्हणजे वर्क, घरात म्हणजे दमलो की काम झालं, पुस्तकात मात्र द्राक्षाचा भरलेला क्रेट डोक्यावर घेऊन तासभर एकाच जागी उभे राहिलात तर क्रेटवर केलेलं कार्य शून्य. आणि वजन! आपण म्हणतो कांद्याच्या गोणीचं वजन ५० किलो, ते खरं तर वस्तुमान आहे, म्हणजे माल किती आहे ते. वजन म्हणजे पृथ्वी त्या गोणीला किती जोराने खाली ओढते ते, साधारण ४९० न्यूटन. तीच गोणी चंद्रावर नेली तर एका हाताने उचलाल, पण बर्फासारख्या गुळगुळीत फरशीवर ठेवून जोरात आडवी ढकलायला गेलात तर इथे जितकी जड लागते तितकीच तिथे लागेल. माल तेवढाच आहे ना.

मराठीत विचार करायला घाबरू नका. उत्तर इंग्रजीत लिहायचं असलं तरी आधी मराठीत, फॉर्म्युला न वापरता, घरच्या कोणालातरी सांगून बघा. समोरच्याला कळलं नाही तर बहुतेक वेळा तुम्हालाच कळलेलं नसतं. मराठी विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन फुकट आहेत, एखादी संकल्पना इंग्रजीत डोक्यावरून गेली तर तिथे वाचून परत या. आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातही (१८४० पासूनचं आहे ते) सोपी मराठी विज्ञानाची पुस्तकं मिळतील.

घरच्यांना सांगायचं म्हणते तर आमच्या नानांचा किस्सा सांगते, कारण न्यूटनचा तिसरा नियम मला त्यांनी शिकवला. सेकंड इयरला असताना सुट्टीत घरी होते, लासलगावला कांदा न्यायला ट्रॉली भरत होते, मी नानांना म्हटलं, पुस्तकात लिहिलंय की ट्रॅक्टर ट्रॉलीला जेवढ्या जोराने ओढतो तेवढ्याच जोराने ट्रॉली ट्रॅक्टरला मागं ओढते. नाना म्हणाले, “मंग ती हाललीच नसती.” मी म्हटलं तेच तर कळत नाहीये. ते जरा वेळ गप्प राहिले, गोणी लावली, आणि म्हणाले, “चिखलात बघ ना. इंजिन तेच, ट्रॉली तीच, पण चाक जागेवर फिरतं. धरायला जमीन लागती.”

तिथेच सगळं आलं. ट्रॅक्टरला पुढे ढकलते ती जमीन. चाक जमिनीला मागे ढकलतं, जमीन चाकाला पुढे ढकलते, चिखलात जमिनीला तेवढं धरून ढकलता येत नाही म्हणून ट्रॅक्टर अडकतो. वहीत चित्र काढताना आता असं करा. फक्त ट्रॉलीभोवती पेन्सिलने गोल काढा आणि बाहेरून तिला कोण कोण ढकलतं-ओढतं तेवढेच बाण काढा, हुक पुढे ओढतं, चाकांचं घर्षण मागे, आडव्या दिशेत बास एवढंच. हुकचा जोर जास्त तर ट्रॉली पुढे वेग घेते. मग वेगळ्या चित्रात फक्त ट्रॅक्टरभोवती गोल काढा, जमीन पुढे ढकलते, ट्रॉली मागे ओढते. तिसऱ्या नियमातली जी जोडी आहे ती कधीच एका गोलात येत नाही, एक बल ट्रॉलीवर, दुसरं ट्रॅक्टरवर, मग ती एकमेकांना खोडणार कशी? हा गोल काढायची सवय लागली की मेकॅनिक्सचे अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. आणि बाण काढताना प्रत्येक बाणाला विचारा, हे बल कोण देतंय? देणारा सापडला नाही तर बाण खोडा. ‘वर जाणाऱ्या चेंडूचा वरचा जोर’ देणारा कोणीच सापडत नाही, म्हणून तो बाण नाही.

गणित कमी आहे म्हणून समीकरणं सोडून द्यायची असं मात्र करू नका. त्यांना वाक्यासारखं वाचा. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, म्हणजे जोर तेवढाच ठेवून माल दुप्पट भरला तर त्वरण निम्मं. जिथे वर्ग आहे तिथे जास्त लक्ष द्या. मुंबई-आग्रा हायवेला गाडी ४० च्या स्पीडला असताना कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक लावला तर ती साधारण ९ मीटरवर थांबत असेल, तर ८० ला १८ वर थांबेल असं सगळे लिहितात, आणि ती थांबते जवळपास ३६ वर, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, स्पीड दुप्पट तर ब्रेकला चौपट ऊर्जा खायची असते. आणि ब्रेक दाबायच्या आधीच जे अंतर जातं ते वेगळंच. हे मी पोरांना मुद्दाम सांगते, ह्यातली बरीच पोरं रोज हायवेने टू-व्हीलरवर येतात.

असाच एक कसाऱ्याचा. मुंबईहून येताना कसाऱ्याला बऱ्याच गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात आणि मग गाडी घाट चढून इगतपुरीला येते, सगळ्यांनी बघितलंय. तिथला चढ सदतीसला एक आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ऐकायला किती कमी वाटतं! पण १००० टनांची गाडी धरा, तिच्या वजनाचा सदतिसावा भाग तिला सतत मागे ओढतो, म्हणजे साधारण २७ टनांचा ओढ, वर उभी राहिली तरी. सपाटीवर लोखंडी चाकाला लोखंडी रूळ फारच थोडा अडवतो, म्हणून तिथे एक इंजिन आरामात नेतं. पुढच्या वेळी गाडी कसाऱ्याला थांबली की हा हिशोब स्वतः करून बघा, खिडकीत बसून.

उष्णतेचा चॅप्टर लोक हलका समजतात आणि त्यात मार्क घालवतात. तापमान आणि उष्णता एकच नाही हे नीट बसवा. थंडीत पहाटे स्टीलच्या तांब्याला हात लावा आणि लाकडी पाटाला हात लावा, तांब्या गारठलेला लागतो, पण रात्रभर एकाच खोलीत होते, दोघांचं तापमान एकच आहे, स्टील फक्त तुमच्या हातातली उष्णता पटकन ओढून घेतं. किंवा डाळ शिजत असताना पाण्याला उकळी फुटल्यावर गॅस मोठा केला तर डाळ लवकर शिजेल का? नाही, पाणी आपल्याकडे ९८ अंशांच्या आसपास उकळतं (नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, म्हणून बरोबर १०० नाही) आणि उकळत असेपर्यंत तिथेच राहतं, मोठ्या गॅसने नुसती वाफ जास्त होते. कुकर दाब वाढवून तो आकडाच वर नेतो, म्हणून कुकर लवकर शिजवतो.

आणि आमच्या निफाडच्या थंडीचं तर काय सांगू, पारा खाली गेला की पहाटे बागेला पाणी सोडायचं आणि शेकोट्या पेटवायच्या, हे मी लहानपणापासून बघितलंय. शेकोटीचं कळत होतं, पण गार वाऱ्यात पाणी कशाला, अजून गारठेल ना? विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा बरंच कोमट असतं, आणि पाण्याची उष्णता धरून ठेवायची ताकद जबरदस्त, १ लिटर पाणी १ अंशाने थंड होताना साधारण ४.२ किलोज्यूल बाहेर सोडतं, आणि गोठायची वेळ आलीच तर गोठताना १ किलोमागे ३३४ किलोज्यूल. बागेत सोडलेलं पाणी म्हणजे रात्रभर हळूहळू उष्णता सोडणारं कोठारच. आभाळ निरभ्र असतं त्याच रात्री थंडी जास्त का पडते हा प्रश्न वहीत लिहून ठेवा, रेडिएशनचा चॅप्टर आला की त्याच्याकडे परत या.

विजेत एकच चूक सगळे करतात, करंट बल्बमध्ये खर्च होतो असं मानतात. बल्बच्या आधी जेवढा करंट तेवढाच नंतर, खर्च होते ती ऊर्जा. टॉर्चच्या तारेत इलेक्ट्रॉन सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा पुढे जात नाहीत, तरी बटण दाबल्याबरोबर उजेड कसा पडतो? ठिबकचा पाईप बघा, लाईन आधीच पाण्याने भरलेली असेल तर कॉक उघडल्या उघडल्या शेवटच्या झाडालाही थेंब पडतो, टाकीतलं पाणी तिथपर्यंत पोचायला मात्र वेळ लागेल. तारही अशीच आधीच भरलेली असते. पण उपमा कुठे तुटते तेही लिहा, ठिबकमध्ये पाणी बाहेर जातं, सर्किटमध्ये सगळे परत येतात. ध्वनी आणि प्रकाशासाठी मी जास्त लिहीत नाही, त्र्यंबकला दर्शनाच्या बारीत मागून धक्का आला की माणसं जागेवरच राहतात आणि धक्का पुढे जातो, ध्वनीची लाट तशीच, बाकी ह्या भागाला फेट सिम्युलेशन्स वापरा, कोलोरॅडो विद्यापीठाची आहेत, फुकट आहेत आणि बरीचशी मराठीतही उघडतात. पण तिथेही बटण दाबायच्या आधी अंदाज लिहायचा, नाहीतर तो नुसता गेम होतो.

ग्रुपने बसणार असाल तर तीन किंवा चार जण, जास्त नको. प्रश्न वाचा, दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, आपापलं लिहायचं, मग दाखवायचं. सगळ्यांचं सारखं आलं तर पुढे जा. वेगळं आलं तर तिथे वेळ घाला, एकमेकाला पटवा, आणि ‘सरांनी सांगितलंय’ हे कारण चालणार नाही असं आधीच ठरवा. वर्गातल्या हुशार मुलाने उत्तर सांगितलं की बाकीचे गप्प होतात, म्हणून त्याला शेवटी बोलू द्या.

वेळेचं म्हणाल तर सेमिस्टर जेमतेम पंधरा आठवड्यांचं, त्यात गणपती, नवरात्र. रोज दोन तास काढायची गरज नाही, लेक्चरच्या आदल्या रात्री वीस मिनिटं अंदाज लिहायला, आणि लेक्चरच्या दिवशीच संध्याकाळी अर्धा तास उजवं पान भरायला. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही, तोवर डोकं परत जुन्या उत्तरावर गेलेलं असतं. रविवारी घडी घातलेली पानं उघडा, डावीकडचा अंदाज आणि उजवं पान झाकून परत उत्तर द्या. एखादं पान दोनदा चुकलं तर ते घेऊन मॅडमकडे किंवा सरांकडे जा आणि ‘मला हा चॅप्टर कळत नाही’ असं न म्हणता ‘मला असं वाटतं, हे कुठे चुकतंय?’ असं विचारा. शिक्षकांना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येतं, पहिल्याचं देता येत नाही.

पेपरात ‘कारण सांगा’ ह्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊ नका. बसने ब्रेक मारल्यावर उभा माणूस पुढे का पडतो, ह्याला ‘जडत्वामुळे’ एवढं लिहिलं तर ते नाव झालं, कारण नाही. असं लिहा: ब्रेकमुळे बसवर मागच्या दिशेला बल येतं, पायावर फरशीचं घर्षण असल्यामुळे पाय बसबरोबर थांबतात, पण वरच्या शरीराला थांबवणारं पुरेसं बल नसतं म्हणून ते आधीच्याच वेगाने पुढे जात राहतं. बरोबर छोटी आकृती आणि दोन बाण. पर्यायांचा प्रश्न असेल तर पर्याय हाताने झाकून आधी स्वतःचं उत्तर ठरवा, कारण चुकीचे पर्याय बरोबर आपल्या मनातल्या जुन्या उत्तरांवरूनच बनवलेले असतात आणि वाचले की लगेच पटतात. आदल्या रात्री पूर्ण पुस्तक घेऊन बसू नका, घडीची पानं तेवढी वाचा.

वहीच्या पहिल्या पानासाठी प्रश्न मीच देते. गंगाघाटावर पोरांसाठी गॅसचे फुगे मिळतात, वर जाणारे. असा एक फुगा दोऱ्याने चारचाकीच्या मागच्या सीटला बांधला, सगळ्या काचा बंद केल्या, आणि गाडी झटक्यात पुढे निघाली. फुगा पुढे झुकेल, मागे, की सरळच राहील? का ते एका ओळीत लिहा, आणि बाजूला खात्री किती आहे तेही.